पॉवर कंडिशनरने घरातल्या संगीताचा आवाज सुधारतो का?

घरात चांगला अ‍ॅम्प्लिफायर आला, मनाजोगे स्पीकर आले, डिजिटल फायलींचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारा वेगळा डॅकही आला, की पुढची शिफारस बहुतेक वेळा पॉवर कंडिशनरची, म्हणजे सॉकेट आणि उपकरणे यांच्यामध्ये बसवायच्या वीज गाळणाऱ्या पेटीची असते. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज मळलेली असते, ती स्वच्छ करून दिली तर खर्ज घट्ट होतो, गायकाचा आवाज वाद्यांपासून सुटा ऐकू येतो आणि दोन स्वरांमधली शांतता अधिक गडद होते, असे सांगितले जाते. या पेट्यांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात. ज्या अ‍ॅम्प्लिफायरला त्या वीज पुरवतात, त्याच्याहूनही त्या कधी कधी महाग असतात. म्हणून हा दावा नीट तपासायला हवा. माझे उत्तर आधीच सांगतो. निर्दोष चालणाऱ्या संचात कंडिशनर जोडल्याने ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही. विजेचा उपद्रव आवाजात खरोखर ऐकू येतो अशा जागा आहेत, पण तिथे तो बहुधा कंडिशनर ज्या वाटेवर बसवलेला असतो त्या वाटेने आलेलाच नसतो.

हे समजण्यासाठी वीज सॉकेटपासून स्पीकरपर्यंत कशी जाते ते पाहावे लागेल.

पेटीच्या आत विजेचे काय होते

आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे. या २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर साधारण ३२५ व्होल्टपर्यंत पोहोचते. पुस्तकात ती लहर गुळगुळीत काढलेली असली, तरी प्रत्यक्षात तिची शिखरे किंचित चपटी असतात, कारण परिसरातले असंख्य टीव्ही, चार्जर आणि एलईडी दिवे नेमके शिखराजवळच वीज ओढतात. शिवाय तिच्यावर मोटारींचे, पंख्यांच्या रेग्युलेटरचे, फ्रिजच्या चालू-बंद होण्याचे बारीक काटे स्वार झालेले असतात. वीज मळलेली असते हे म्हणणे, म्हणजे, खोटे नाही. प्रश्न एवढाच, की हा मळ संगीतापर्यंत पोहोचतो का.

अ‍ॅम्प्लिफायर ही लहर तशीच्या तशी वापरत नाही. पारंपरिक बांधणीत ट्रान्सफॉर्मर आधी व्होल्टेज उतरवतो, मग चार डायोडांचा पूल तिला एकाच दिशेने वाहायला लावतो आणि मोठे कपॅसिटर ती ऊर्जा साठवून ठेवतात. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पंपाने पाणी धडधडत, थांबत-थांबत चढवले जात असले तरी नळाला धार एकसारखी लागते; कपॅसिटरचे काम हेच. ते सेकंदाला १०० वेळा भरतात आणि मधल्या काळात अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्यातून लागेल तेवढी वीज घेत राहतो. स्पीकरला मिळणारी ऊर्जा अखेर सॉकेटमधूनच आलेली असते, पण तिला आकार देतो तो संगीताचा सिग्नल. सॉकेटमधल्या लहरीच्या आकाराचा त्याच्याशी संबंध उरत नाही.

तरीही कपॅसिटरवरचे व्होल्टेज अगदी सपाट नसते. त्यावर १०० हर्ट्झचे लहानसे तरंग राहतात. ते पुढे जाऊ नयेत म्हणून नाजूक सिग्नलच्या मंडलांना व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून वीज दिली जाते. एलएम३१७ हा अनेक दशके वापरात असलेला साधा, स्वस्त रेग्युलेटर योग्य जागी एक कपॅसिटर जोडला तर हे तरंग सुमारे ८० डेसिबलने, म्हणजे दहा हजार पटींनी कमी करतो. त्यापुढच्या ऑप-अ‍ॅम्पमध्येही, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपमध्येही, पुरवठ्यातली खळबळ नाकारण्याची स्वतःची क्षमता असते. ऑडिओ उपकरणांत सर्रास आढळणाऱ्या एनई५५३२ या चिपमध्ये ती साधारण १०० डेसिबल, म्हणजे एक लाख पट आहे. आता हिशेब करू. कपॅसिटरवर १ व्होल्टचा तरंग आहे असे धरले, तर रेग्युलेटरनंतर तो ०.१ मिलिव्होल्ट उरतो आणि चिपच्या दृष्टीने त्याचा परिणाम १ नॅनोव्होल्टच्या घरात येतो. डॅकमधून बाहेर पडणारा पूर्ण सिग्नल साधारण २ व्होल्टचा असतो. त्याच्या तुलनेत हा अंश १८० डेसिबलहूनही खाली आहे, आणि मानवी कान सोडाच, उत्तमोत्तम मोजमापयंत्रांनाही तिथे काही दिसत नाही.

हे आकडे कमी वारंवारतेचे आहेत, हेही सांगायला हवे. वारंवारता वाढत जाते तशी रेग्युलेटरची आणि चिपची ही क्षमता घटते; म्हणूनच जबाबदार रचनाकार प्रत्येक चिपच्या अगदी जवळ लहान कपॅसिटर बसवतात. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्याला बहुधा रेग्युलेटरही नसतो. तिथे मंडलाची रचना आणि निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल आत आलेल्याशी ताडून चूक दुरुस्त करणे) हे काम करतात. तरीही बाजारातल्या बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायरचा एकूण गोंगाट त्याच्या पूर्ण आवाजाच्या १०० डेसिबल खाली असतो, आणि हे मोजमाप साध्या, कोणतीही गाळणी न लावलेल्या सॉकेटवरच केलेले असते.

आजकाल बरीच उपकरणे ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विच मोड पुरवठ्यावर चालतात. त्यात आलेली वीज थेट तीनशेहून अधिक व्होल्टच्या एकदिश विजेत बदलली जाते आणि मग सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा तोडून-जोडून हवे ते व्होल्टेज तयार केले जाते. असा पुरवठा १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही बिनतक्रार चालतो. सॉकेटमधून येणाऱ्या बहुतेक उपद्रवापेक्षा त्याने स्वतः निर्माण केलेला उपद्रव मोठा असतो. तो घराच्या वायरिंगमध्ये परत शिरून रेडिओसारख्या इतर उपकरणांना त्रास देऊ नये म्हणून १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि त्या पाळण्यासाठी प्रत्येक प्रामाणिक उत्पादक सॉकेटच्या तोंडाशीच कॉइल आणि कपॅसिटरची गाळणी बसवतो. ही गाळणी दोन्ही दिशांना काम करते: आतले बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे आत येऊ देत नाही. बाजारातल्या बहुतेक कंडिशनरांमध्ये असते ती हीच गाळणी, थोड्या मोठ्या आकारात आणि पुष्कळ जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत.

मागची वाट

मग काही घरांत स्पीकरमधून सतत घरघर का येते? विजेचा उपद्रव पुरवठ्याच्या मुख्य मार्गाने येत नसेल, तर तो येतो कुठून? हा या विषयाचा गाभा आहे आणि याबद्दल जाहिरातींमध्ये जवळजवळ काहीच लिहिलेले नसते.

घरगुती उपकरणे एकमेकांना बहुधा आरसीए केबलने जोडलेली असतात. या केबलच्या मधल्या तारेतून सिग्नल जातो आणि भोवतीच्या जाळीतून तो परत येतो. ही जाळी म्हणजे दोन्ही उपकरणांची समाईक जमीनही असते. समजा, अ‍ॅम्प्लिफायर हॉलच्या एका भिंतीतल्या सॉकेटला आणि संगणक दुसऱ्या भिंतीतल्या सॉकेटला लावला आहे आणि दोन्हींना अर्थिंग आहे. घराच्या वायरिंगमध्ये या दोन अर्थिंगच्या टोकांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. आरसीए केबल जोडताच एक पूर्ण वेटोळे तयार होते: एका सॉकेटचे अर्थिंग, उपकरण, केबलची जाळी, दुसरे उपकरण, दुसऱ्या सॉकेटचे अर्थिंग आणि भिंतीतून परत. या वेटोळ्यातून ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा प्रवाह वाहू लागतो. जाळीला अत्यल्प का होईना, रोध असतो, आणि त्यावर पडणारे व्होल्टेज थेट सिग्नलमध्ये मिसळते, कारण सिग्नलचा परतीचा मार्गही तीच जाळी असते. जाळीचा रोध ०.०५ ओहम आणि प्रवाह १० मिलिअँपियर धरला, तर मिसळलेले व्होल्टेज अर्धा मिलिव्होल्ट होते. वर पुरवठ्याच्या वाटेने आलेला अंश १ नॅनोव्होल्ट होता. हा त्याच्या पाच लाख पट आहे. शांत खोलीत संवेदनशील स्पीकरवर तो सहज ऐकू येतो.

या वाटेवर रेग्युलेटर नाही, कपॅसिटर नाही, गाळणी नाही. कंडिशनर बसवला जातो तो फेज आणि न्यूट्रलच्या मार्गावर. अर्थिंगची तार त्यातून बहुधा सरळ आरपार जाते. म्हणून पन्नास हजारांचा कंडिशनर लावूनही घरघर तशीच राहिल्याच्या तक्रारी ऐकू येतात. याउलट काही जणांची घरघर कंडिशनर लावल्यावर खरोखर थांबते, आणि त्यांचे म्हणणे खोटे मानण्याचे कारण नाही. त्यांनी नकळत एक योग्य गोष्ट केलेली असते: सगळी उपकरणे एकाच पेटीच्या सॉकेटांना लावलेली असतात. अर्थिंगची टोके एकाच जागी आल्याने वेटोळे आखडते आणि प्रवाह घटतो. हेच काम चांगल्या प्रतीच्या एका साध्या एक्स्टेन्शन बोर्डनेही झाले असते.

दोन पिनांच्या प्लगची उपकरणेही यातून सुटत नाहीत. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर हात फिरवताना बोटांना बारीक मुंग्या येतात, त्या चार्जरमधल्या सुरक्षा कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या प्रवाहामुळे. हा प्रवाह मिलिअँपियरच्या अंशाइतका आणि शरीराला निरुपद्रवी असला, तरी लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की तो जमिनीकडे जाण्यासाठी ऑडिओ केबलच्या जाळीचीच वाट धरतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहिला आणि खरखर थांबली, तर दोष कुठे आहे ते लगेच कळते. डिश टीव्ही किंवा केबल टीव्हीची जाड वायर हा दुसरा नेहमीचा अपराधी. तिची जाळी गच्चीवरच्या डिशपर्यंत किंवा इमारतीबाहेरच्या जोडणीपर्यंत गेलेली असते आणि तिथल्या जमिनीचे व्होल्टेज घरातल्या अर्थिंगपेक्षा वेगळे असू शकते. सेट-टॉप बॉक्सच्या मागची ती वायर क्षणभर काढून ऐकावे. घरघर गेली तर उत्तर मिळाले.

उपाय महाग नाहीत. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल वापरली, तर सिग्नल प्रकाशाच्या रूपाने जातो आणि दोन उपकरणांमध्ये विजेची जोडणीच उरत नाही. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी आजही बहुतेक टीव्हींच्या पाठीशी असते. दोन्ही उपकरणांना एक्सएलआरची संतुलित जोडणी असेल तर ती वापरावी, कारण तिच्यात सिग्नलचा परतीचा मार्ग जाळीपासून वेगळा असतो. नाहीतर सिग्नलच्या वाटेवर लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन बाजूंमध्ये तारेची थेट जोडणी न ठेवता सिग्नल पुढे नेणारा ट्रान्सफॉर्मर, बसवता येतो. मात्र एक गोष्ट कधीही करू नये: घरघर थांबते म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकू नये किंवा तिच्यावर टेप गुंडाळू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. आत कुठे फेजची तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर अर्थिंग नसलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेली प्रत्येक केबल जिवंत होते. जुन्या चाळींत आणि वाड्यांत सॉकेटला तीन भोके असूनही मागे अर्थिंगची तारच नसते. अशा घरात कंडिशनरच्या खर्चाआधी चांगल्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणे हा ऑडिओवरचाच खर्च समजावा.

घरघरीचा पोत ऐकूनही बरेच कळते. आपला कान ५० हर्ट्झला फार मंद आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार तरुण, निरोगी कानालाही ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर ऐकू येण्यासाठी तो सुमारे ४४ डेसिबल लागतो, १०० हर्ट्झचा २६ ते २७ डेसिबलला ऐकू येतो आणि १००० हर्ट्झचा दोन-तीन डेसिबललाच. त्यामुळे मऊ, खोल गुंजनापेक्षा कर्कश, धारदार भणभण अधिक त्रास देते, आणि ती बहुधा डायोड, डिमर किंवा स्विच मोड पुरवठ्याच्या तीक्ष्ण प्रवाहांतून जन्मलेली असते.

आणखी एक आवाज स्पीकरमधून येतच नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला कान लावला की आतला ट्रान्सफॉर्मर गुरगुरताना ऐकू येतो. विजेच्या लहरीचे वरचे आणि खालचे अर्ध एकमेकांशी जरा असमान झाले, म्हणजे तिच्यात थोडे एकदिश व्होल्टेज मिसळले, की गोल आकाराचे टोरॉइड ट्रान्सफॉर्मर विशेषकरून असे वागतात. अर्ध्या क्षमतेवर चालवलेला हेअर ड्रायर हे याचे ओळखीचे कारण आहे, कारण त्यात एक डायोड लहरीचे अर्धे अंगच वापरतो. साधी गाळणी यावर काहीही करत नाही. त्यासाठी डीसी ब्लॉकर नावाचे स्वतंत्र, लहानसे मंडल लागते.

इन्व्हर्टरवर ऐकणाऱ्यांसाठी

परदेशी लेखांत या विषयाची जी बाजू कधीच येत नाही, ती आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत इन्व्हर्टर आले, आणि त्यांतले स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारे होते. ते अजूनही वापरात आहेत. वीज गेल्यावर पंखा घुमू लागतो आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून भणभण येऊ लागते, ती याच लहरीमुळे. चौकोनी लहरीत ५० हर्ट्झच्या जोडीला १५०, २५०, ३५० अशा विषम पटींचे घटक भरपूर असतात आणि तिच्या उभ्या कडा ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधल्या नैसर्गिक धारितेतून उडी मारून थेट उपकरणाच्या जमिनीत उतरतात.

दुसरा परिणाम कमी ओळखीचा आहे. गुळगुळीत लहरीत २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्टला असते. शुद्ध चौकोनी लहरीत शिखरही २३० व्होल्टलाच राहते. अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर शिखरापर्यंत भरत असल्याने त्यांच्यावरचे व्होल्टेज सुमारे ३० टक्क्यांनी उतरते आणि अ‍ॅम्प्लिफायरची कमाल शक्ती जवळपास निम्म्यावर येते. गाळणीचा कंडिशनर चौकोनी लहर गोल करू शकत नाही. इथे योग्य उपाय एकच: साइन वेव्ह इन्व्हर्टर. ज्या घरात विजेचा लपंडाव नेहमीचा आहे, तिथे कंडिशनरसाठी बाजूला ठेवलेले पैसे या बदलावर खर्च केले तर फरक पहिल्याच दिवशी कानाला कळतो.

कमी व्होल्टेजचेही असेच आहे. रात्री शेतीपंप सुरू झाल्यावर ग्रामीण भागात रोहित्राच्या टोकाच्या घरांना १८० व्होल्ट मिळणे नवलाचे नाही. रेग्युलेटर नसलेल्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरची कमाल शक्ती अशा वेळी सुमारे ६० टक्के उरते. ऐकायला हा फरक दोन डेसिबलचा, आणि तोही आवाज पूर्ण मोठा केला तरच; हलक्या आवाजात ऐकणाऱ्याला काहीच जाणवणार नाही. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर मात्र जास्त व्होल्टेजने हैराण होतात. त्यांच्या नळ्यांची ६.३ व्होल्टची हीटर फिलामेंट सॉकेटमध्ये २५० व्होल्ट असताना ६.८५ व्होल्टवर जळत राहते आणि नळ्यांचे आयुष्य घटते. अशा ठिकाणी मोटारीने व्होल्टेज सलग जुळवत राहणारा चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर उपयोगी आहे. रिलेवर चालणारा स्वस्त स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला ‘टक्’ करतो, म्हणून संगीतसंचासाठी तो मला पसंत नाही.

एका उपकरणात मात्र विजेची लहर थेट संगीताशी बांधलेली असते: तबकडी फिरवणारे, सिंक्रोनस मोटारचे जुने टर्नटेबल. त्याचा वेग व्होल्टेजवर नव्हे, विजेच्या वारंवारतेवर ठरतो. पश्चिम विभागात जुलै २००२ मध्ये ग्रिडची शिस्त राखणारी नवी दरपद्धत लागू होण्यापूर्वी वारंवारता ४९ हर्ट्झच्या खालीही जात असे. ४९ हर्ट्झवर तबकडी दोन टक्के हळू फिरते आणि गायकाचा षड्ज जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वराने उतरतो. शेजारी तानपुरा जुळवून बसलेल्या माणसाला हे नक्की खटकले असेल. आज ग्रिडची मान्य मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे आणि ०.१ हर्ट्झचा फरक अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी साडेतीन भागांएवढाच भरतो. गाळणी, स्टॅबिलायझर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वारंवारतेला हातही लावत नाहीत. ती बदलू शकते फक्त रिजनरेटर, म्हणजे आलेली वीज एकदिश करून तिच्यातून पुन्हा ५० हर्ट्झची नवी लहर घडवणारे यंत्र. अमेरिकेतल्या पीएस ऑडिओ कंपनीने असे यंत्र ‘पॉवर प्लांट’ या नावाने ऑडिओच्या बाजारात रुजवले. कार्यालयांतला ऑनलाइन यूपीएस तत्त्वतः तेच काम करतो.

संरक्षण हे खरे काम

इथपर्यंत वाचून कंडिशनर पूर्ण निरुपयोगी आहे असे वाटेल, तर तसे नाही. त्याच्यातला एक भाग मौल्यवान आहे आणि त्याचा स्वरांशी काही संबंध नाही. अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून उपकरणे वाचवणे हे ते काम. त्यासाठी बहुतेक पेट्यांमध्ये एमओव्ही नावाचा घटक असतो, जो क्षणिक उसळी स्वतःवर घेऊन ती उष्णतेत विरवतो. प्रत्येक उसळीबरोबर तो झिजतो, हे विक्रेते सांगत नाहीत. म्हणून ज्या स्पाइक गार्डमध्ये संरक्षण संपल्याचे दाखवणारा दिवा नाही, तो काही वर्षांनी केवळ एक्स्टेन्शन बोर्ड उरतो.

आपल्याकडचा याहून मोठा धोका न्यूट्रल तुटण्याचा आहे. खांबावर किंवा इमारतीच्या मुख्य पेटीत न्यूट्रलची जोडणी सैल झाली, तर तीन फेजमधल्या घरांचे व्होल्टेज वाटेल तसे विभागले जाते आणि एखाद्या घरात ते ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकते. हे क्षणभराचे नसते, मिनिटेन्‌मिनिटे टिकते. एमओव्ही अशा वेळी संरक्षण देण्याऐवजी जळून जातो. इथे लागते ते ठरावीक व्होल्टेज ओलांडताच वीज तोडणारे आणि ती पूर्ववत झाल्यावर थोड्या विलंबाने पुन्हा जोडणारे यंत्र. ते मुख्य पेटीत बसवता येते आणि सगळ्या घराला पुरते. मे-जूनमधल्या वळवाच्या विजांपुढे मात्र कोणतीच पेटी भरवशाची नाही. ढग गडगडू लागले की प्लग काढावा, आणि त्याच्याबरोबर डिशची आणि इंटरनेटची तारही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही आत येते.

कंडिशनरमुळे काही नुकसानही होऊ शकते. मोठा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर वीज सलग घेत नाही. लहरीच्या शिखराजवळ सरासरीच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढतो. मध्ये कमी क्षमतेची पेटी किंवा बारीक तारेचा लांब बोर्ड आला, तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज खचते. म्हणून अनेक अ‍ॅम्प्लिफायर उत्पादक आपले यंत्र थेट १६ अँपियरच्या सॉकेटला लावायला सांगतात. गाळणीतले कपॅसिटर अर्थिंगकडे थोडा प्रवाह सोडत राहतात, आणि अशा दोन-तीन पेट्या घरात असल्या तर मुख्य पेटीतला गळतीरोधक स्विच विनाकारण पडू लागतो.

मग फरक ऐकू आल्याचे सांगणारे

कंडिशनर लावल्यावर संगीत बदलल्याचे मनापासून सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. पण ती तुलना कशी झाली ते पाहावे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचा, प्लग काढायचा, पेटी जोडायची, पुन्हा चालू करून तोच ख्याल लावायचा; यात काही मिनिटे जातात, आणि आवाजाच्या सूक्ष्म पोताची आपली स्मृती काही सेकंदांचीच असते. दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष अधिक एकाग्र असते, काय ऐकायचे ते मनात ठरलेले असते, आणि एवढी रक्कम खर्च झाल्याचे भानही असते. डोळे काय पाहतात त्यावर कान काय ऐकतात हे पुष्कळदा ठरते, आणि हे अनुभवी श्रोत्यांच्याही बाबतीत खरे आहे.

यावरचा मार्ग ऑडिओच्या जगाला ठाऊक आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशा आंधळ्या चाचणीचे यंत्र आणि पद्धत मांडली, जिच्यात ऐकणाऱ्याला आणि चाचणी घेणाऱ्यालाही कोणती जोडणी चालू आहे ते कळत नाही. तिचे साधे रूप घरीही करता येते. एका मित्राने नाणे उडवून पेटी जोडायची की नाही ते ठरवावे, जोडणी पडद्याआड ठेवावी, कागदावर नोंद करावी आणि समोर न येता संगीत लावावे. ऐकणाऱ्याने आपले उत्तर वेगळ्या कागदावर लिहावे. अशा १६ फेऱ्यांत निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे चार टक्के असते, म्हणून १२ बरोबर आली तर फरक खरा असण्याचा विचार करावा. आवाजाच्या बटणाचा काटा मात्र मध्ये हलू देऊ नये.

ज्यांना कानांऐवजी आकड्यांवर विश्वास आहे, त्यांनी डॅकचे किंवा प्रीअ‍ॅम्पचे आउटपुट संगणकाच्या साउंड कार्डात घेऊन मोफत मिळणाऱ्या विश्लेषक सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वर्णपट पाहावा. ५०, १०० आणि १५० हर्ट्झवरच्या रेषा कंडिशनरसह आणि कंडिशनरशिवाय किती उंच आहेत, ते पडद्यावर दिसते. यात संगणक स्वतःच वेटोळे तयार करू शकतो, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर ठेवावा. स्पीकरची टोके साउंड कार्डला थेट कधीही जोडू नयेत, कार्ड जळेल.

दुकानात कंडिशनर दाखवताना अनेकदा एक लहान यंत्र सॉकेटला लावले जाते. ते भिंतीतल्या विजेवर मोठा आकडा आणि पेटीच्या सॉकेटवर छोटा आकडा दाखवते, कधी त्या गोंगाटाचा खरखरीत आवाजही ऐकवते. तो आकडा खरा असतो; पेटीने गाळण्याचे काम केलेलेच असते. पण तो पेटीच्या सॉकेटवर मोजलेला आहे, आणि त्यापुढे अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची गाळणी, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि रेग्युलेटर अजून बाकी आहेत. विक्रेत्याला अशा वेळी तोच फरक अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर मोजून दाखवायला सांगावे.